पांढऱ्या चिकाचा गोतावळा

या महिन्याची पत्रं वाचत होते आणि तिसऱ्या पत्राशी थांबले. पुण्याचं अडेनियम, चिपळूणचा चाफा, सोलापूरची सदाफुली. पुढच्या पत्रांत सर्पगंधा आणि कण्हेर. ही सगळी एकाच घरातली मंडळी. वनस्पतिशास्त्रात या घराला अपोसायनेसी म्हणतात, आपण कण्हेरीचं कूळ म्हणू. मग ठरवलं, बाकीची पत्रं पुढच्या अंकाला, या वेळी एवढंच घर.

एकतीस वर्षं मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. पहिल्या प्रात्यक्षिकाला टेबलावर याच कुळाच्या फांद्या ठेवायचे, कारण ओळख पटायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. देठ मोडला की चीक येतो, बहुतेकांचा दुधासारखा पांढरा. आणि उमलायच्या आधीची कळी बघितली की पाकळ्या एकीवर एक चढवून पीळ दिलेल्या दिसतात, हातावर वळलेल्या वातीसारख्या. नुसत्या चिकावर जाऊ नका, तो वडालाही येतो आणि शेरालाही. पण चीक आणि पिळाची कळी दोन्ही जुळलं, तर बहुतेक वेळा तुम्ही याच घराच्या उंबऱ्यात असता.

*बाई, गच्चीवरचं अडेनियम उन्हाळाभर फुलांनी भरलेलं होतं. जुलैत बुंधा मऊ पडला आणि आठ दिवसांत झाड आडवं झालं. रोज न चुकता पाणी घालत होतो. काय चुकलं? – एक वाचक, पुणे*

रोजचं पाणीच चुकलं. माझं पहिलं अडेनियम मीही असंच घालवलं. विकणाऱ्याने ‘रोज तांब्याभर पाणी घाला’ म्हणून सांगितलं होतं आणि मी विश्वास ठेवला. झाड मेल्यावर त्याचं माहेर शोधलं, ते आधी शोधायला हवं होतं.

अडेनियम मूळचं अरबस्तानातलं आणि आफ्रिकेतलं: येमेन, ओमान, सोमालिया, केनिया आणि पश्चिमेकडे सहाराच्या दक्षिण कडेची कोरडी राज्यं. तिथं ते खडकांच्या फटीत उभं असतं. पाऊस येतो तो थोडा, आणि आला की लगेच निचरून जातो. तुम्ही ज्याला बुंधा म्हणता ती त्याची पाण्याची टाकी आहे. टाकी भरलेली असताना मुळाशी दिवसरात्र ओल राहिली, की बुरशी धरते आणि आतून कुजायला लागतं. बाहेरून कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

नवीन रोप आणाल तेव्हा कुंडीत माती कमी घ्या. जाडी वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि मूठभर जुनं शेणखत पुरतं. उन्हाळ्यात माती पूर्ण सुकल्यावर पाणी द्यायचं. मृगाच्या आधी कुंडी वळचणीला, पण उजेडात ठेवायची आणि पावसाळाभर हात आखडता घ्यायचा. बुंधा अंगठ्याने दाबून बघायची सवय लावा. एका जागी मऊ लागला तर धारदार स्वच्छ सुरीने पांढरा, घट्ट भाग लागेपर्यंत कापा आणि झाड मातीबाहेर सावलीत चार-सहा दिवस सुकू द्या. माझी दोन झाडं अशी वाचली आहेत. कापताना हातमोजे घाला. याच चिकाचं विष आफ्रिकेतले शिकारी बाणाला लावत आले आहेत.

*आमच्या अंगणातला पांढरा चाफा दर थंडीत पानं टाकून नुसता खराटा होतो. सून म्हणते, झाड मेलं, काढून टाकू. शिवाय एवढी फुलं येतात पण शेंग कधी धरत नाही, असं का? – एक आजी, चिपळूण*

आजी, काढू देऊ नका. झाड झोपलं आहे. नखाने फांदीची साल किंचित खरवडून बघा, आत हिरवं दिसेल आणि चिकाचा थेंब येईल. तेवढं सुनेला दाखवा.

ज्याला आपण देवचाफा, खुरचाफा म्हणतो तो इथला नव्हे. त्याचं माहेर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं. तिथल्या कोरड्या जंगलांत कित्येक महिने पाऊस नसतो, तेव्हा पानं टाकून द्यायची आणि जाड फांद्यांत साठवलेल्या पाण्यावर दिवस काढायचे, ही त्याची रीत. कोकणात येऊन त्याला काही पिढ्या झाल्या, तरी रीत सुटलेली नाही. निकाराग्वाचं हे राष्ट्रीय फूल आहे, आणि तिकडे आशियात लाओसचंही हेच. प्लुमेरिया हे शास्त्रीय नाव शार्ल प्लुमिए या सतराव्या शतकातल्या फ्रेंच साधूवरून पडलं. कॅरिबियन बेटं हिंडून त्याने तिथल्या वनस्पतींची चित्रं काढली होती. आपल्या सोनचाफ्याशी मात्र याचं काही नातं नाही. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला. मराठीत आपण गोड वासाच्या पुष्कळ झाडांना चाफा म्हणून मोकळे झालो आहोत.

शेंगेचा प्रश्न मला फार आवडला, कारण तुम्ही वर्षानुवर्षं झाडाकडे बघितल्याशिवाय तो पडला नसता. दिवेलागणीनंतर चाफ्याच्या झाडाखाली उभ्या राहा. दुपारी मंद असणारा वास तेव्हा एकदम वाढतो. हा वास लांब सोंडेच्या मोठ्या पतंगांसाठी असतो. पतंग मधाच्या आशेने येतो, बारीक नळीत सोंड घालतो आणि तिथे मध नसतोच. एक फूल उभं चिरून बघा, नळीच्या तळाशी कोरडं असतं. फसलेला पतंग दुसऱ्या फुलावर जातो, तिथंही फसतो, आणि एवढ्यात परागकण इकडचे तिकडे होतात. फसवणुकीवर चाललेला संसार असल्यामुळे माहेरीसुद्धा शेंगा थोड्याच धरतात. शिवाय आपल्याकडची बहुतेक झाडं फांदी लावून वाढवलेली, म्हणजे गावभर एकाच झाडाची पिलं. तरी कधीतरी शेंग येते. माझ्याकडे एकदा आली होती, दोन शिंगं एकमेकांकडे पाठ करून बसावीत तशी. वाळून फुटली तेव्हा आतून पापुद्र्यासारखे पंख असलेलं बी निघालं.

पावसाळ्यात पानांच्या पाठीला नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा. ती पानं गोळा करून जाळून टाका, झाडाखाली कुजू देऊ नका.

*आईला स्तनाचा कर्करोग आहे, केमो चालू आहे. शेजारच्या काकू म्हणतात, सदाफुलीची चार पानं रोज उपाशीपोटी चावून खायची, त्यातूनच कर्करोगाचं औषध काढतात. गुलाबी फुलाची घ्यावी की पांढऱ्या? – एक वाचक, सोलापूर*

ताई, कुठलीच नाही. आधीच काही दिवस दिली असतील तर आजच थांबवा आणि पुढच्या केमोच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लपवू नका. माझ्या धाकट्या बहिणीची केमो चालू होती तेव्हा तिच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला होता, ‘घरी काही पाला, रस, काढा चालू आहे का?’ तो का विचारला, हे तेव्हा मला पुरतं ठाऊक होतं, आणि तरी आमच्याही दारात कोणीतरी प्रेमाने रसाची बाटली घेऊन आलंच होतं. काकूंचा हेतू चांगला आहे, आणि त्यांचं अर्धं म्हणणं खरंही आहे. म्हणून सगळं नीट सांगते.

सदाफुली मादागास्करची. आफ्रिकेच्या पूर्वेला जे मोठं बेट आहे, तिथल्या वाळवट जमिनीतून ती जगभर गेली. या प्रजातीसमूहात एकूण आठ जाती आणि त्यातल्या सात मादागास्करच्या. आठवी, लहानशा पांढऱ्या फुलांची, आपल्याकडे आणि श्रीलंकेत होते. गुलाबी सदाफुली जिथे जिथे गेली तिथे लोकांनी तिच्या पानांचा काढा मधुमेहावर प्यायला. वेस्ट इंडीजमधल्या जमैकातही पीत. १९५२ साली तिथून कॅनडात रॉबर्ट नोबल या संशोधकाकडे पंचवीस पानं पाकिटातून आली. पाठवली होती त्यांच्या डॉक्टर भावाने, जमैकाच्या एका रुग्णाकडून मिळालेली. साखर उतरते का ते बघायचं होतं. उंदरांच्या साखरेत काही फरक पडेना. पण अर्क टोचलेले उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी कोसळलेल्या.

दुसऱ्या कोणी तिथे काम सोडून दिलं असतं. नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी उलटा विचार केला: पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तो रोग रक्ताचा कर्करोग, मग हाच पदार्थ तिथे चालेल का? १९५८ मध्ये त्यांनी व्हिन्ब्लास्टीन वेगळं केल्याचं जाहीर केलं. त्याच सुमारास अमेरिकेत एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा याच झाडावर काम करत होते. तिथून व्हिन्क्रिस्टीन पुढे आलं आणि १९६३ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. पेशी दोन होताना तिच्या आत बारीक दोऱ्यांची जुळणी होते. ही औषधं ती जुळणी होऊ देत नाहीत, पेशी अर्ध्या वाटेवर अडकून मरते. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात इतर औषधांच्या जोडीने व्हिन्क्रिस्टीन आजही देतात. ज्या रोगात पूर्वी बहुतेक मुलं दगावायची, त्यातून आता बहुसंख्य मुलं बरी होतात. दारात रुजलेल्या या झाडाकडे मी जाता-येता आदराने बघते, ते यासाठी.

पण ताई, हे औषध पानात किती असतं ते बघा. किलोभर वाळल्या पानांत व्हिन्क्रिस्टीन निघतं ते काही मिलिग्रॅम. कारखान्यात टनावारी पाला लागतो. म्हणजे चार पानांत औषध म्हणावं इतकं नाही. त्याच पानांत दुसरी शंभराच्या वर अल्कलॉइडं, म्हणजे शरीरावर जोरदार परिणाम करणारी रसायनं आहेत, आणि ती कुठल्या पानात किती हे कोणी मोजून दिलेलं नाही. दवाखान्यात हे औषध फक्त शिरेतून, अगदी मोजून देतात. सुई सरकून शिरेबाहेर सांडलं तर तिथली कातडी जळते. जास्त झालं तर हातापायांच्या नसा बधिर होतात. केमोने पेशी आधीच उतरलेल्या असतात, त्यात घरून मोजमाप नसलेलं काही पोटात गेलं, तर पुढचा डोस का पेलला नाही हे डॉक्टरांना कळणार कसं? यकृतावरचा भार वेगळाच.

आईला फुलं आवडत असतील तर सदाफुलीची कुंडी खिडकीत ठेवा. फुलाच्या मधोमध जो गडद ठिपका दिसतो, तिथं भिंग धरून बघायला सांगा: नळीचं तोंड इतकं चिंचोळं असतं आणि आत केसांची अशी गोल झालर असते, की फुलपाखराची सोंडच जेमतेम जावी. पडून राहायच्या दिवसांत असं बघण्यात वेळ बरा जातो. हे बहिणीच्या खोलीत बसून मी अनुभवलं आहे.

*आजोबा सर्पगंधेचं मूळ उगाळून डोकं फिरलेल्या माणसाला द्यायचे. यात काही तथ्य आहे का? आणि झाड लावायला रोप कुठे मिळेल? – एक वाचक, सावंतवाडी*

तथ्य आहे, आणि ते जगाला दाखवून देण्यात मुंबईच्या डॉक्टराचा मोठा वाटा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांना सर्पगंधा देऊन रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला. जगाचं लक्ष तेव्हा या मुळाकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या संशोधकांनी त्यातून रेसरपीन वेगळं केलं. काही वर्षं रक्तदाबावर आणि मनोविकारांवर ते भरपूर वापरात होतं. डॉ. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेतलं वैद्यक संशोधनासाठीचं लास्कर पारितोषिक मिळालं. एवढ्या मोठ्या कामाचा धडा आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवा, असं मला नेहमी वाटतं.

आजोबांनी दिलं म्हणून तुम्ही देऊ नका. याने मन फार खचू शकतं, नाडी मंदावते, आणि आता यापेक्षा सुरक्षित औषधं आहेत. सापाच्या विषावर तर प्रतिविषाचं इंजेक्शन हाच उपाय. मूळ उगाळण्यात गेलेला अर्धा तास जिवावर बेततो.

रोप जंगलातून उपटून आणू नका. औषध मुळात, म्हणजे मूळ काढलं की झाड संपलं. अशा उपशामुळेच सर्पगंधा दुर्मीळ झाली आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकेत बियांची रोपं मिळतात. सुपारीच्या बागेतली ओलसर सावली तिला मानवते. पांढरी फुलं आणि त्यांचे लालचुटुक देठ, नंतर काळी-जांभळी फळं. अंगणात नुसती शोभेला ठेवली तरी डोळे निवतात.

*सोसायटीत कण्हेर लावली तर काही जण म्हणतात, विषारी आहे, काढा. हायवेवर तर मधोमध मैलोन्‌मैल लावलेली असते. खरं काय? – सोसायटीची बागसमिती, ठाणे*

दोन्ही खरं. पान, फूल, साल, चीक सगळं विषारी, आणि विष थेट हृदयावर काम करतं. हायवेच्या दुभाजकावर म्हणूनच ती टिकते. गुरं तोंड लावत नाहीत, धूर, धूळ आणि पाण्याची ओढ ती सोसते. मूळची ती भूमध्य समुद्रापासून आशियापर्यंतच्या कोरड्या नदीपात्रांतली, तेव्हा कधी पूर कधी दुष्काळ हे तिच्या अंगवळणी पडलेलं आहे. हिरोशिमा शहराचं ते मानाचं फूल आहे. १९४५ च्या बॉम्बनंतर इथं पंचाहत्तर वर्षं काही उगवणार नाही असं लोक बोलत होते, आणि त्या राखेत सुरुवातीला फुललेल्या झाडांत कण्हेर होती.

याच घरातला आफ्रिकेतला स्ट्रोफँथसचा वेल हृदयावर कसा चालतो, ते जॉन किर्क या डॉक्टराला टूथब्रशने कळलं. आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या झांबेझी नदीवरच्या मोहिमेत तो होता. बाणाच्या विषाचे नमुने आणि दात घासायचा ब्रश एकाच खिशात राहिले, ब्रश कडू लागला आणि नाडी उतरलेली लक्षात आली. पुढे एडिंबरोत थॉमस फ्रेझर यांनी त्या बियांमधून हृदयाचं औषध वेगळं काढलं.

तुमच्या सोसायटीपुरतं सांगायचं तर लहान मुलांच्या खेळाच्या जागेजवळ कण्हेर नको, आणि बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर तर नकोच. तिची फळं मुलं सागरगोट्यांसारखी खेळायला घेतात आणि विष त्या बीमध्येच असतं. मागच्या कुंपणाला लाल-पांढरी कण्हेर खुशाल लावा. छाटलेल्या फांद्या शेकोटीत घालू नका, धूरही बाधतो. कोणी चघळलीच तर घरगुती उपाय करत बसू नका, पान सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.

*बाई, मी आठवीत आहे. गडावर आम्हाला कंदिलासारखं फूल दिसलं. त्याच्या आत एक माशी अडकली होती. ते फूल माश्या खातं का? – एक विद्यार्थिनी, नाशिक*

नाही गं, खात नाही. पाहुणी म्हणून कोंडून ठेवतं. तू बघितलंस ते कंदीलपुष्प, सेरोपेजिया. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने हे नाव ठेवलं, ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मेणाचं कारंजं. फुलाच्या नळीत केस असतात, सगळे खाली तोंड केलेले. माशी वासाने आत उतरते, पण वर यायला गेली की केस आडवे येतात. पुढे केस मलूल पडतात आणि माशी सुटते. जाताना परागकणांची एक जोड-पुडी तिच्या तोंडाला चिकटलेली असते. रुईच्या फुलात टाचणी घालून ओढलीस तर तशीच पुडी तुलाही दिसेल. रुईसुद्धा याच घरातली. फक्त हात धू, चीक डोळ्यांना लागू देऊ नको.

सह्याद्रीत कंदीलपुष्पाच्या काही जाती अशा आहेत की त्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. गुराख्यांची पोरं पूर्वी त्यांचे कंद काढून खायची, तेव्हा ते पुष्कळ असत. आता एकेका कड्यावर मोजकी झाडं उरली आहेत. तू फोटो काढलास आणि फूल तोडलं नाहीस, याचा मला फार आनंद झाला. फोटोच्या मागे तारीख आणि कड्याची दिशा लिहून ठेव. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात परत जा.

*करवंदही याच कुळातलं म्हणतात. मग ते विषारी कसं नाही? – एक वाचक, मुरबाड*

पिकलेल्या फळात धोका नाही, म्हणून उन्हाळ्यात ‘डोंगरची काळी मैना’ अशी हाळी ऐकली की आपण द्रोण पुढे करतो. फळ पाखरांनी खावं आणि बी लांब टाकावं, हे झाडालाच हवं असतं. चीक कच्च्या फळात भरपूर. लोणच्यासाठी कच्ची करवंदं चिरताना सुरीला आणि बोटांना आधी खोबरेल लावा, चीक धरत नाही. चिरल्यावर मिठाच्या पाण्यात टाकून ठेवा, पाणी गढूळ झालं की ओता आणि मग मसाला भरा. ओठाला चिकटलेला चीकही खोबरेलानेच निघतो, पाण्याने चोळलात तर आणखी पसरेल.